नॅनोटेक्नॉलॉजीत बी.टेक. करू का? बारावीच्या एका विद्यार्थिनीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळच्या गावातली मुलगी, बारावी सायन्स, सीईटी झालेली. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री तिन्ही विषय सारखेच आवडतात. बाहेरच्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठात बी.टेक. नॅनोटेक्नॉलॉजीला जागा मिळते आहे, पण त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावं लागेल. घरी शेती. बाबा म्हणतात, मेकॅनिकल नाहीतर कॉम्प्युटर घे, हे नॅनो कुणी ऐकलंय? तिने विचारलंय: नोकरी मिळते का, की शेवटी पीएचडीच करावी लागते? आणि प्रवेश होईपर्यंतच्या दोन महिन्यांत मी काय करू?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. विषय तुझ्यासाठी चांगला आहे. तीन विषयांपैकी एक निवडता येत नाही असं म्हणणारी मुलं इथे रमतात. पण पदवीच्या प्रमाणपत्रावर ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द असलाच पाहिजे असं नाही, आणि त्या एका शब्दासाठी, प्रयोगशाळा डोळ्यांनी न बघता, घरावर कर्ज चढवणं मला पटत नाही. मी तुझ्या जागी असते तर पदवी मटेरियल्स, केमिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची घेतली असती आणि नॅनोचं काम त्यातून केलं असतं. तरी नॅनोचीच पदवी घ्यायची असेल, तर काय तपासायचं तेही सांगते. ती घेऊन उत्तम काम करणारी मुलं मी पाहिली आहेत.

मी स्वतः मेटलर्जीत बी.ई. केलं, मग एम.टेक. आणि पीएचडी नॅनोपदार्थांवर, आणि गेली अठरा वर्षं पातळ थरांच्या कामात आहे. कापायच्या हत्यारांवर, काचेवर, सेन्सरवर काही नॅनोमीटरपासून काही मायक्रॉनपर्यंत जाडीचे थर चढवायचे, ते टिकतात का बघायचं, टिकले नाहीत तर का नाही ते शोधायचं. दरवर्षी नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती घेते. त्यामुळे सांगते आहे ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, आणि १ ते १०० नॅनोमीटर ही ढोबळमानाने या विषयाची हद्द. नुसतं बारीक एवढंच असतं तर वेगळा विषय काढायची गरज नव्हती. बारीक झाल्यावर पदार्थाचं वागणं बदलतं. शेतकऱ्याच्या घरची आहेस म्हणून गुंठ्यांत सांगते. एक सेंटीमीटर बाजूचा घन घे. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर. तोच घन १ नॅनोमीटर बाजूच्या घनांत कापत गेलीस, तर वजन तेवढंच राहील, पण सगळ्या तुकड्यांचं मिळून पृष्ठफळ होईल ६ हजार चौरस मीटर. साठ गुंठ्यांना जरासं कमी, म्हणजे दीड एकर. चिमटीत मावणाऱ्या खड्यात दीड एकर रान. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होते, त्यामुळे उत्प्रेरक, बॅटरी, पाण्याचे फिल्टर या सगळ्यांना हे दीड एकर हवं असतं. टाटांचा ‘स्वच्छ’ नावाचा वीज न लागणारा फिल्टर २००९ मध्ये बाजारात आला, त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते. राख आपल्याकडे ढिगाने, चांदी अगदी थोडी, पण पसरलेली इतकी की जंतू मारायला पुरते.

दुसरं कारण रंगाचं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिल्यापासून या विषयात अडकले. एम.टेक.च्या पहिल्या सत्रात आम्हाला सोन्याचे नॅनोकण करायला दिले होते. पद्धत टर्केविच नावाच्या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये मांडलेली, अगदी साधी. सोन्याच्या क्लोराइडचं फिकट पिवळं द्रावण, २० मिलिलिटर, ढवळत उकळायचं. त्यात एक टक्क्याचं सोडियम सायट्रेट २ मिलिलिटर घालायचं. पिवळा रंग जातो, द्रावण पाण्यासारखं होतं. मग करडं पडतं, काळसर जांभळं होतं, वाटतं की बिघडलं. आणि काही मिनिटांत ते कोकमाच्या आगळासारखं लाल होतं. सोनं, आणि रंग लाल! कण १० ते २० नॅनोमीटरचे. त्यात चिमूटभर मीठ टाकलं की कण एकमेकांना चिकटतात आणि लालाचा निळा होतो.

माझं पहिलं द्रावण लाल झालं नाही. जांभळं झालं आणि तळाशी काळी भुकटी बसली. दुसऱ्यांदाही तेच. चंबू डोळ्यांना लख्ख दिसत होता. आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, वयाने मोठे, त्यांनी चंबू उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “पोरी, आधी कुणीतरी यात चांदीचं काम केलंय.” चंबू ॲक्वा रेजियाने, म्हणजे तीव्र आम्लांच्या मिश्रणाने धुऊन, शुद्ध पाण्याने सात-आठ वेळा विसळून तिसऱ्यांदा प्रयोग केला आणि लाल आला. त्या दिवशी जे शिकले ते कुठल्याही पेपरात विचारलं गेलं नाही, पण आजही कामाला येतं: या मोजमापात ‘स्वच्छ’ शब्दाचा अर्थ वेगळा असतो.

आता त्याच लाल द्रावणाकडे बघून मला सांग, हे कुठल्या शाखेचं काम आहे? कण केले रसायनशास्त्राने. रंग का बदलला ते सांगतं भौतिकशास्त्र. कोविडच्या घरगुती अँटिजेन किटवर जी लालसर रेघ उमटते ती बहुतेक किटमध्ये याच सोन्याच्या कणांची. तिथे काम जैवतंत्रज्ञानाचं. हेच द्रावण महिन्याला शेकडो लिटर, दर वेळी सारख्याच आकाराचं करायचं म्हटलं की ते केमिकल इंजिनिअरचं. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रस आणि येकिमोव्ह यांना क्वांटम डॉटसाठी, म्हणजे अर्धवाहकाच्या नॅनोकणांसाठी मिळालं. तिथेही एकच पदार्थ आकारानुसार रंग बदलतो, आणि आज तो टीव्हीच्या पडद्यात आहे. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण केले, ते काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. परड्यातला गवती चहा आणि सोनं. असा हा विषय आहे, सगळ्यांच्या अंगणात पसरलेला.

तो असा पसरलेला असणं ही या पदवीची गंमत आहे आणि अडचणही. मेकॅनिकलचा मुलगा चार वर्षं एकच खांब रोवत असतो. नॅनोच्या बी.टेक.मध्ये पहिलं वर्ष सगळ्या इंजिनिअरांसारखंच जातं. मग एका सत्रात क्वांटम मेकॅनिक्स, एकात सॉलिड स्टेट, एकात भौतिक रसायनशास्त्र, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडी जीवशास्त्राची ओळख, कण तयार करण्याच्या पद्धती, मोजण्याच्या पद्धती. यातला प्रत्येक विषय एकेका सत्रापुरता. शिकवणारा ताकदीचा असेल आणि प्रयोगशाळा उघडी असेल, तर यातून असा इंजिनिअर तयार होतो जो केमिस्टशीही बोलू शकतो आणि चिपवाल्याशीही. नसेल तर एक ना धड भाराभर चिंध्या. मधलं काही फारसं होत नाही.

बाहेर हे कसं सोडवलं आहे ते बघण्यासारखं आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने २००५ पासून नॅनोटेक्नॉलॉजी इंजिनिअरिंगची स्वतंत्र पदवी चालवली आहे. तिथे मुलं चार महिने वर्गात आणि चार महिने कंपनीत किंवा संशोधन प्रयोगशाळेत, असं आलटून पालटून शिकतात. पदवी हातात येते तोवर तिची किंमत उद्योगाने आधीच जोखलेली असते. पसरटपणावरचा इलाज त्यांनी हाताच्या कामातून काढला. आपल्याकडे उलट घडलं. केंद्र सरकारने २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’ सुरू केलं, पाच वर्षांसाठी १ हजार कोटी रुपये दिले, आणि ते मुख्यतः संशोधन केंद्रं, उपकरणं आणि पदव्युत्तर शिक्षणात गेले. त्याचा फायदा झाला. मोहालीच्या नॅनो विज्ञान संस्थेसारख्या जागा उभ्या राहिल्या. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीतली नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रंही त्याच सुमारास, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स-आयटी खात्याच्या पैशांतून उभी राहिली. पण पाया पदव्युत्तर पातळीवर घातला गेला. चांगल्या मशीन एम.टेक. आणि पीएचडीच्या मुलांच्या हाताखाली आहेत. बी.टेक. नॅनो बहुतेक करून खासगी विद्यापीठांनी नंतर सुरू केलं, आणि त्यातल्या प्रत्येकाची तयारी सारखी नाही.

आता नोकरीचं बोलू. बाबांची काळजी इथेच आहे, आणि ती रास्त आहे.

पहिली गोष्ट कोऱ्या कागदावर लिहून घे. एम.टेक.च्या प्रवेशासाठी जी गेट परीक्षा असते, तिच्यात नॅनोटेक्नॉलॉजी नावाचा पेपर नाही. नॅनोच्या मुलाला मेटलर्जी, केमिकल, इलेक्ट्रॉनिक्स, फिजिक्स, केमिस्ट्री यांतला एक पेपर किंवा इंजिनिअरिंग सायन्सेस हा पेपर मटेरियल्स सायन्स विभाग घेऊन द्यावा लागतो. म्हणजे ज्या मुलांनी तो विषय चार वर्षं केलाय त्यांच्याशी स्पर्धा. सरकारी कंपन्या गेटवरून भरती करतात तेव्हा जाहिरातीत शाखांची नावं दिलेली असतात: मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, मेटलर्जी, सिव्हिल. त्यात नॅनो क्वचितच दिसतं. पात्रतेच्या रकान्यात तुझ्या शाखेचं नाव नसेल तर गुणांचा प्रश्नच येत नाही, अर्जच पुढे जात नाही. हे मुलांना चौथ्या वर्षी कळतं. तू आत्ता कळून घे.

दुसरी गोष्ट, खासगी क्षेत्रात काम भरपूर आहे, पण ते नॅनो या नावाने मागितलं जात नाही. जाहिरात ‘प्रोसेस इंजिनिअर, थिन फिल्म’ अशी असते. ‘फॉर्म्युलेशन केमिस्ट’, ‘बॅटरी मटेरियल्स’, ‘यील्ड इंजिनिअर’, ‘ॲप्लिकेशन इंजिनिअर, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ अशी असते. रंगाच्या कंपन्या टायटॅनियम डायऑक्साइडचे कण द्रवात सारखे पसरवायला धडपडत असतात. औषध कंपन्यांत लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या कणांत औषध भरण्याचं काम आहे. कर्करोगावरचं डॉक्सिल हे असं औषध अमेरिकेत १९९५ मध्येच मान्य झालं होतं, आणि कोविडच्या एमआरएनए लशींचं वाहन लिपिडचे नॅनोकणच होते. चिपचं क्षेत्र आपल्याकडे आता उभं राहतंय. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये सेमिकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली, गुजरातेत धोलेरा आणि साणंदला कारखान्यांची कामं सुरू झाली. चिपच्या कारखान्यात शिरणारा प्रत्येक इंजिनिअर नॅनोमीटरमध्येच काम करतो. त्यांना हवी असतात ती इलेक्ट्रॉनिक्स, केमिकल आणि मटेरियल्सची मुलं, ज्यांना निर्वात पंप, प्लाझ्मा, स्वच्छतेची शिस्त आणि संख्याशास्त्र कळतं. नॅनोचा मुलगा त्यात चालतो, फक्त त्याला हे येतं हे दाखवावं लागतं.

दाखवावं लागतं म्हणजे काय, ते एका मुलाखतीवरून सांगते. काही वर्षांपूर्वी नॅनोची पदवी घेतलेला एक मुलगा आला होता. गुण उत्तम, प्रोजेक्टचा अहवाल देखणा बांधलेला. झिंक ऑक्साइडच्या कणांचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो होता. मी विचारलं, “हा फोटो घेताना व्होल्टेज किती ठेवलं होतं?” त्याला माहीत नव्हतं. “नमुन्यावर सोन्याचा थर दिला होता का?” तेही नाही. मग तो खरं बोलला: नमुना कुरिअरने बाहेर पाठवला होता, फोटो ईमेलने आला. चार वर्षांत त्याने ते मशीन पाहिलं नव्हतं. कॉलेजात मशीन होतं, पण मुलांना काचेबाहेरून दाखवायचे. मला त्या मुलाचं वाईट वाटलं, अजून वाटतं. हुशार होता. चार वर्षं आणि घरच्यांचे पैसे घेऊन त्याला पोहण्याचं पुस्तक तेवढं दिलं होतं.

त्याच आठवड्यात एका लहान कॉलेजातून मेटलर्जीची मुलगी आली. तिच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नव्हताच. तिने बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या भांड्यात भुकटी दळली होती, चाळीस-चाळीस तास. मी विचारलं, “इतका वेळ दळल्यावर भांड्याचं लोखंड भुकटीत उतरत नाही का?” ती म्हणाली, “उतरतं मॅडम. आधी लक्षात आलं नाही. भुकटीजवळ चुंबक नेलं तेव्हा कळलं. मग भांडं बदललं आणि आधीचे सगळे आकडे काढून टाकले.” तिला आम्ही घेतलं. आधीचे आकडे काढून टाकायला जो प्रामाणिकपणा लागतो, तो मला शिकवता येत नाही. बाकी सगळं येतं.

पीएचडी लागतेच का, हे तू विचारलं आहेस. उत्पादनात, प्रक्रियेत, मशीन चालवण्या-सांभाळण्याच्या कामात नाही लागत. नवा पदार्थ शोधायचा, संशोधन विभागात स्वतः विषय ठरवायचा असेल तर एम.टेक. किमान, आणि पुष्कळदा पीएचडी. पण पीएचडी म्हणजे घरच्यांवर आणखी पाच वर्षांचा भार, हा समज बाबांच्या मनातून काढ. गेटमधून एम.टेक. केलंस तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, आणि जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवून पीएचडीला गेलीस तर २०२३ पासून ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं. खरा खर्च पदवीचा आहे. म्हणूनच पदवी स्वस्त, घराजवळची आणि पक्क्या शाखेची घ्यावी आणि नॅनोत नंतर, सरकारी विद्यावेतनावर, चांगल्या मशीनवर शिरावं, असं माझं मत आहे.

आपल्याकडे त्यासाठी जागा कमी नाहीत. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी इथली मेटलर्जी-मटेरियल्स, मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतलं केमिकल इंजिनिअरिंग किंवा सरफेस कोटिंगचं बी.टेक. यातलं शेवटचं नाव मुलं गाळून पुढे जातात, पण रंग आणि लेप म्हणजे कण पसरवण्याचं शास्त्र, रोजचं नॅनो. चिपमध्ये रस असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. इंजिनिअरिंगचा आग्रह नसेल तर तुझ्या घरापासून सर्वांत जवळ कोल्हापूर आहे. शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्स आणि टेक्नॉलॉजीचा बीएस्सी-एमएस्सी असा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे, आणि पातळ थरांच्या संशोधनात कोल्हापूरचं नाव जुनं आहे. ती इंजिनिअरिंगची पदवी नव्हे, हे लक्षात ठेवून निर्णय घे. पण हाताने काम करायला मिळणं हा निकष धरला, तर ती दूरच्या महागड्या बी.टेक.पेक्षा सरस ठरू शकते.

कॉम्प्युटरबद्दल एवढंच: आवडत असेल तर घे, पण बाबा म्हणतात म्हणून घेऊ नकोस. प्रोग्रॅमिंग मात्र कुठल्याही शाखेत शीक. आमच्याकडे एका फोटोतले तीनशे कण मोजून त्यांच्या आकारांचा आलेख काढायचं काम पायथॉनमध्ये दहा मिनिटांत होतं.

आता, तरीही ते विद्यापीठ बघायचंच असेल, तर प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी बाबांबरोबर एकदा जाऊन ये. एसटी-रेल्वेचे दोन-तीन हजार खर्च होतील, ते वाया गेलेले नाहीत. प्रवेश कार्यालयात बसू नकोस. प्रयोगशाळा दाखवा म्हण. एक्सआरडी आणि एसईएम, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक तपासायचं यंत्र आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, ही दोन मशीन कुठे आहेत विचार. प्रत्येक मशीनशेजारी एक लॉगबुक असतं: तारीख, नाव, नमुना, किती वेळ. ते उघडून बघायची परवानगी माग. शेवटची नोंद कालची आहे की आठ महिन्यांपूर्वीची? नावं बी.टेक.च्या मुलांची आहेत की फक्त पीएचडीवाल्यांची? मशीनवर धूळ आहे का, प्लास्टिकचं आच्छादन आहे का? ऑपरेटर कोण, आणि ते सुट्टीवर गेले की मशीन बंद राहतं का? चौथ्या वर्षाच्या दोन मुलांना बाजूला घेऊन विचार: नमुना मशीनमध्ये स्वतःच्या हाताने किती वेळा ठेवलात? याचं उत्तर देताना मुलं खोटं बोलत नाहीत.

मग फ्यूम हूड बघ, म्हणजे वाफा ओढून घेणारं काचेचं कपाट. त्याच्या फटीशी टिश्यूचा तुकडा धर. आत ओढला गेला तर पंखा चालू आहे. कोरड्या नॅनोभुकट्या उघड्यावर हाताळत असतील तर त्या विभागाला स्वतःच्या मुलांची काळजी नाही असं समज. आणि सिलिकॉनवर काम करतो असं म्हणत असतील, तर हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरता का विचार. हो म्हणाले तर पुढचा प्रश्न: कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठे ठेवलंय? ते आम्ल कातडीवर पडलं की पुष्कळदा लगेच दुखतही नाही, आत शिरून हाडापर्यंत जातं, आणि भरपूर पाण्याने धुतल्यावर लगेच लावायचं ते हे जेल. ज्या प्रयोगशाळेत कुणीही विद्यार्थी बोट दाखवून “ते बघा तिथे” म्हणतो, तिथे शिकवणं खरं चाललेलं असतं. हा प्रश्न मी आजही दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत गेल्यावर विचारते. शेवटी, गेल्या वर्षी पदवी घेतलेल्यांपैकी किती जण या क्षेत्रात आहेत ते विचार. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे उत्तर नव्हे. त्यातली सॉफ्टवेअरमध्ये किती गेली ते हवं.

कामाचा रोजचा पोत कसा असतो तेही ऐक, कारण दुरून डोंगर साजरे. माझा दिवस बराचसा वाट बघण्यात जातो. थर चढवायच्या चेंबरमधली हवा काढायला पंप तासन्‌तास चालतो. मला जे निर्वात लागतं ते मिलिबारचा दहा लाखावा भाग. कुणी हातमोजा न घालता आत बोट लावलं, तर त्या ठशातलं तेल आणि ओलावा हळूहळू सुटत राहतो आणि काटा खाली उतरत नाही. एकदा अख्खी रात्र गेली. सकाळी चेंबर उघडला तर स्टीलवर तिरप्या उजेडात अंगठ्याचा ठसा दिसत होता. असं काम ज्याला कंटाळवाणं वाटेल त्याने यात येऊ नये. ज्याला तो ठसा सापडल्याचा आनंद होईल त्याने यावं.

शेतीच्या अंगाने एक सांगते, कारण गावात तुला कुणीतरी विचारेलच. इफ्कोचा नॅनो युरिया २०२१ मध्ये आला, ५०० मिलिलिटरच्या बाटलीत. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत मात्र नेहमीच्या युरियाच्या तुलनेत भात आणि गव्हाचं उत्पादन घटलेलं दिसलं, आणि त्यावर वाद अजून चालू आहे. मला यातून तुला एवढंच दाखवायचंय की या क्षेत्रात मोजणाऱ्यांची गरज विकणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. पानावर फवारलेल्या कणाचं पुढे काय होतं, तो आत किती जातो, धुऊन किती जातो, हे नीट मोजणारी, आणि बांधावर उभं राहून शेतकऱ्याला समजेल असं सांगणारी माणसं फार थोडी आहेत. तू त्यातली होऊ शकतेस.

राहिले दोन महिने. क्लास लावू नकोस. कोल्हापूरला विद्यापीठात जाऊन ये. तिथल्या विभागात आधी साधं पत्र पाठव, बारावीची विद्यार्थिनी आहे, प्रयोगशाळा बघायची आहे असं. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही तर आठवड्याने दुसरं पाठव. इंटिग्रेशन आणि लॉगरिदम पक्कं कर, कारण दुसऱ्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्समध्ये मुलं तिथेच अडतात. इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घे, इंटरनेटवर मिळणाऱ्या कणांच्या फोटोवर मापपट्टी लावून आकार मोजायला शीक. किमान दोनशे कण मोज. दहा मोजून सरासरी काढली की आपल्याला हवं ते उत्तर येतं.

आणि हे एक गणित स्वतः सोडव. क्ष-किरण सोन्याच्या नॅनोकणांवरून परावर्तित झाले की आलेखात ३८ अंशांजवळ एक शिखर येतं. कण जितके बारीक तितकं शिखर रुंद. कणाचा आकार काढायचा तर ०.९ ला तरंगलांबीने गुणायचं आणि शिखराची रुंदी गुणिले १९ अंशांचा कोसाइन याने भागायचं. ३८ चे अर्धे १९, कारण आलेखावरचा कोन दुप्पट असतो. तरंगलांबी घे ०.१५४ नॅनोमीटर, रुंदी घे अर्धा अंश. उत्तर १७ नॅनोमीटरच्या आसपास आलं तर बरोबर. ०.३ आलं, तर रुंदी रेडियनमध्ये करायची राहिली. ०.३ नॅनोमीटर म्हणजे सोन्याच्या जेमतेम एका अणूएवढा कण, आणि एका अणूचा स्फटिक होत नाही.